दारू चढली की साखर उतरली?



होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धडगाव तालुक्यातील एका पाड्यावर भेटीसाठी गेलो होतो. ओट्यावर एक काका आडवे पडलेले. अंग घामाने भिजलेले, हाक मारली तर शब्द अडखळत होते. काकू म्हणाल्या, “रात्रभर नाचले, मोहाची प्यायले. झोपू द्या, उतरेल.” मीही परत फिरणार होतो. एवढ्यात खुंटीवर गोळ्यांची पिशवी दिसली. काकांना मधुमेह होता. गोळी घेतली होती, पण रात्री जेवण नव्हते. सोबतच्या सिस्टरांनी बोट टोचून साखर पाहिली, ती ४२ होती. गिळता येत होते म्हणून साखरेचे पाणी पाजले. थोड्या वेळाने ते उठून बसले, मग त्यांना दवाखान्यात नेले.

दारूने साखर वाढते, असे पुष्कळांना वाटते. बिअर किंवा गोड दारूने ती काही वेळ वाढतेही. पण आपण उपाशी असतो तेव्हा यकृतच थोडी थोडी साखर रक्तात सोडून शरीर चालवत असते. दारू पोटात गेली की यकृत आधी तिच्या मागे लागते आणि नवी साखर बनवणे मंदावते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन मात्र साखर खाली ओढतच राहते. म्हणून हा धोका पिणे संपल्यावरही कित्येक तास, अगदी दुसऱ्या सकाळपर्यंत असतो. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, बडबड, झोकांड्या सुरू होतात. नेमकी तीच लक्षणे दारूची! तोंडाला वास आला की कोणी तपासतच नाही.

मधुमेही माणूस असा दिसला तर शुद्धीवर असताना साखर किंवा गूळ द्या, मग भाकरी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. काहीजण पिण्याच्या दिवशी गोळी स्वतःच बंद करतात, तसे करू नये. डॉक्टरांना खरे सांगावे. मेटफॉर्मिन घेणाऱ्याने फार प्यायल्यास रक्तात आम्ल साचण्याचा वेगळाच धोका असतो.

काकांनी दारू सोडली, असे मला लिहिता येत नाही. पण आता सणाला आधी पोटभर जेवतात आणि सुनेला बजावून ठेवतात, “मी नीट बोललो नाही तर झोपू देऊ नको, सिस्टरला बोलाव.”