केस आणि आपण – लेखांक ९ : कडेचे केस वाचवायला हवेत

चाईवरचा मागचा लेखांक वाचून अनेकांना धीर आल्याचं पत्रांवरून कळलं. चाईत केस गेले तरी मूळ शाबूत असतं, म्हणून ते परत येऊ शकतात, असं त्यात लिहिलं होतं. एका ताईंचं पत्र मात्र वेगळं आहे. ‘डॉक्टर म्हणतात, या जागी आता केस येणार नाहीत. आणि तेच डॉक्टर वर्षभराची औषधं लिहून देतात. येणारच नसतील तर औषध घ्यायचं कशासाठी?’ प्रश्न अगदी रास्त आहे. आजचा लेखांक त्याच्यासाठीच.

या ताईंना जी केसगळती आहे तिच्यात केसाचं छिद्र कायमचं बुजतं आणि तिथे गुळगुळीत वण उरतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिला ‘सिकाट्रिशियल’ किंवा ‘स्कारिंग अलोपेशिया’ म्हटलेलं असतं. भाजल्याने, किरणोपचाराने किंवा लहानपणी खवडे चिघळल्यानेही असे वण राहतात, पण तिथे कारण बाहेरचं असतं आणि बहुधा संपलेलं असतं. मी लिहिते आहे ते शरीराचा दाह केसाच्या मुळावरच सुरू होतो आणि चालूच राहतो, त्या विकारांबद्दल.

केसाचं मूळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उपटलेल्या केसाच्या टोकाची गाठ येते. केस पुन्हा पुन्हा उगवण्याची सोय मात्र त्या गाठीत नसते. तिच्या बरंच वर, अंगावर काटा उभा करणारा चिमुकला स्नायू जिथे केसाच्या म्यानाला येऊन मिळतो, तिथे एक बारीक फुगवटा असतो. मूळपेशी या फुगवट्यात राहतात. १९९० साली जॉर्ज कॉट्सारेलिस, तुंग-तिएन सन आणि रॉबर्ट लव्हकर यांनी उंदरांच्या त्वचेवर केलेल्या कामातून हे दाखवून दिलं. तोवर त्या खालच्या गाठीतच असतील, असं मानलं जाई. चाईत प्रतिकारशक्ती हल्ला करते तो खालच्या गाठीवर. उभं पीक जातं, पण कणगीतलं बियाणं सुखरूप असतं. या विकारांत दाह वरच्या बाजूला, फुगवट्याभोवतीच जमतो आणि कणगीच रिकामी होते. केसाला तेल पुरवणारी ग्रंथीही नष्ट होते आणि मोकळ्या झालेल्या जागेत शरीर तंतू भरून टाकतं.

म्हणजे औषध गेलेल्या केसांसाठी नसतंच. दाह जिथे आज पोचला आहे, त्या कडेवर अजून जिवंत असलेल्या केसांसाठी ते असतं. हे पहिल्याच भेटीत नीट सांगितलं गेलं नाही, तर तीन महिन्यांनी ‘काही उपयोग नाही’ म्हणून औषध बंद होतं आणि टक्कल पुन्हा पसरू लागतं. असं मी फार वेळा पाहिलं आहे आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण ते केस वाचले असते.

आपल्याकडे या गटातले दोन विकार जास्त दिसतात. पहिला लायकेन प्लॅनोपिलारिस. तो बहुधा चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना होतो, पुरुषांनाही होतो. सुरुवात बहुतेक वेळा टाळूवर. खाज, आग, आणि एक चमत्कारिक दुखरेपण. वेणी सोडली की मुळं ठणकतात, असं बायका सांगतात. वरवर पाहिलं तर कोंडाच वाटतो, आणि कोंड्याचे शाम्पू बदलण्यात महिने जातात. फरक भिंगाखाली कळतो. कोंड्यात खपली केसांच्या मधल्या त्वचेवर पसरलेली असते. इथे ती एकेका केसाच्या बुडाशी बिलगून पांढरी कॉलर करून बसते, भोवती जांभळट वलय असतं. आणि जिथले केस गेले तिथे नुसती त्वचा असते, छिद्रं नसतातच. चाईच्या चकंदळात छिद्रं शाबूत दिसतात. लायकेन प्लॅनोपिलारिस असणाऱ्याच्या तोंडात गालाच्या आतल्या बाजूला पांढरी जाळी, मनगटावर जांभळे चपटे फोड, नखांवर उभ्या रेघा आहेत का, हेही पाहावं लागतं. थायरॉइडची तपासणी मी जवळजवळ नेहमी करून घेते.

त्याचंच एक रूप कपाळावरून सुरू होतं. १९९४ साली ऑस्ट्रेलियातले त्वचारोगतज्ज्ञ स्टीव्हन कोसार्ड यांनी पाळी गेलेल्या सहा स्त्रियांमध्ये त्याचं वर्णन केलं. कपाळावरची केसांची रेषा सावकाश मागे सरकते, मागे फिकट, गुळगुळीत पट्टा राहतो आणि त्या पट्ट्यात एखाददुसरा एकटा केस उभा असतो. पुष्कळदा त्याआधीच भुवया विरळ झालेल्या असतात, पण ते वयामुळे झालं असं समजून पेन्सिल फिरवली जाते. सावळ्या वर्णात आणखी एक खूण असते. गालांवर, कानशिलांवर करडे-काळसर डाग आधी येतात. घरात त्याला वांग म्हणतात आणि वांगाची क्रीमं सुरू होतात. पन्नाशीच्या बाईला भुवया विरळ, चेहऱ्यावर नवे डाग आणि कपाळ रुंद, असं तिन्ही एकत्र दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. पुरुषांत कल्ले आणि दाढी विरळ होते. सनस्क्रीनमुळे हे होतं का, असं हल्ली सगळे विचारतात. संशय घेतला गेला आहे, पण तेच कारण आहे असं सिद्ध झालेलं नाही.

दुसरा विकार डिस्कॉइड ल्युपस. त्याचा चट्टा मधोमध पांढरा पडतो, कडेला काळा असतो, म्हणून त्याला कोड समजण्याची चूक होते. उन्हाने तो चेततो. कानाच्या पाळीवरच्या खोलगट वाटीत तसाच चट्टा, बंद छिद्रांचे काळे ठिपके असले, तर निदानाला मोठी मदत होते. म्हणून मी डोकं पाहताना कानही पाहते. काही थोड्या रुग्णांत ल्युपस त्वचेपुरता न राहता सांधे-मूत्रपिंडापर्यंत जातो, तेव्हा रक्ताच्या आणि लघवीच्या तपासण्या टाळू नयेत. यातली दिलासा देणारी गोष्ट अशी, की डिस्कॉइड ल्युपस लवकर सापडला तर वण पक्का होण्याआधी काही केस परत येतातही.

पू भरलेल्या पुळ्या, दुखऱ्या खपल्या आणि एकाच छिद्रातून निघालेले केसांचे झुबके दिसले तर तो तिसराच प्रकार, फॉलिक्युलायटिस डिकॅल्वान्स. त्यात रिफाम्पिसिन आणि क्लिंडामायसिन ही जोडी बऱ्याचदा १० आठवडे दिली जाते. रिफाम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध. अंगात क्षय दडलेला असताना ते असं घेतलं तर जंतू त्याला दाद देईनासे होऊ शकतात. छातीचा फोटो वगैरे पाहूनच ते सुरू करायचं, मेडिकलमधून परस्पर कधीही नाही.

निदान नक्की करायला त्वचेचा तुकडा तपासावा लागतो. ‘डोक्याला टाके’ या कल्पनेनेच माणसं पाय मागे घेतात, म्हणून प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. जागेभोवतीचे केस बाजूला करून भूल देण्याचं इंजेक्शन देतात. तेवढं मिनिटभर चुरचुरतं. मग थोडं थांबायचं, म्हणजे रक्त कमी येतं. ४ मिलिमीटर व्यासाची गोल पाती केसाच्या कलाने तिरपी धरून फिरवत चरबीपर्यंत नेतात, कारण मुळं तिथवर गेलेली असतात. तुकडा निघतो, एखाददुसरा टाका पडतो, आठ-दहा दिवसांनी तो काढतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुकडा कुठून घेतला. गुळगुळीत टकलाच्या मधून घेतला तर अहवालात जुना वण तेवढा येतो, तो कशाचा हे कळत नाही. जिथे केस अजून आहेत आणि बुडाशी खपली आहे, अशा कडेवरून तो घ्यावा लागतो. शक्य असेल तर दोन तुकडे घ्यावेत, म्हणजे एक आडवा कापून मुळं मोजता येतात आणि दुसरा उभा कापून दाह कुठल्या पातळीवर आहे ते दिसतं. ‘तुम्ही कडेवरून घेणार ना?’ असं विचारायला संकोचू नका.

उपचार पायरीपायरीने चालतात. वरून लावायचं क्लोबेटासॉलसारखं तेज स्टेरॉइड, आणि चार ते सहा आठवड्यांनी कडेवर ट्रायॲमसिनोलोनची बारीक इंजेक्शनं. कपाळाच्या रेषेवर ती पातळ करून द्यावी लागतात, नाहीतर त्वचेला खळगे पडतात. पोटात घ्यायच्या औषधांत डॉक्सिसायक्लिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन यांच्यापासून बहुधा सुरुवात होते. डॉक्सिसायक्लिन इथे जंतूंसाठी नसतं, दाह कमी करण्याच्या त्याच्या गुणासाठी असतं. ते भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे नाव करोनामुळे घरोघरी पोचलं. मार्च २०२० मध्ये ‘आयसीएमआर’ने आरोग्यसेवकांना प्रतिबंधासाठी ते सुचवलं, त्याबरोबर लोकांनी दुकानांतून साठा उचलला, आणि ल्युपसचे, संधिवाताचे जे रुग्ण वर्षानुवर्षं ते घेत होते त्यांना ते मिळेना. त्या काळातल्या भीतीचा अवशेष अजून आहे. ‘हे हृदयावर परिणाम करतं ना?’ असं रुग्ण विचारतात. त्वचेसाठी देतात त्या मात्रेत, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत, आणि हृदयाचा जुना आजार किंवा इतर औषधं डॉक्टरांना सांगून घेतलं तर ते बहुतेकांना मानवतं. जपायचं ते डोळ्यांना. सुरुवातीला पडद्याची तपासणी, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ही तपासणी आधीपासूनच दरवर्षी हवी. औषधाचा गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात. अमेरिकेत व्हेरा प्राइस यांच्या गटाने २०१० साली लायकेन प्लॅनोपिलारिसच्या ४० रुग्णांच्या नोंदी तपासल्या, त्यांत बहुतेकांचा दाह वर्षभरात कमी झालेला दिसला. ४० हा आकडा लहान आहे आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. पण या आजारात अजून असाच तुटपुंजा पुरावा हाताशी आहे आणि त्यावरच आम्हाला निर्णय घ्यावे लागतात.

त्याने भागलं नाही तर मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन, क्वचित पायोग्लिटाझोन किंवा टोफासिटिनिबसारखी नवी औषधं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेततं. मूल हवं असेल तर ते आणि मायकोफेनोलेट दोन्ही चालत नाहीत, हे आधी बोलून घ्यावं. कपाळावरच्या प्रकारात पाळी गेलेल्या स्त्रियांना ड्युटास्टेराइडचा उपयोग होतो. मिनॉक्सिडिल बुजलेल्या छिद्रातून केस काढू शकत नाही, पण उरलेले केस जाड करतं, म्हणून सोबतीला चालतं.

यात यश दिसत नाही, ही मोठी अडचण. खाज थांबली, खपली गेली आणि टक्कल होतं तेवढंच राहिलं, की औषध लागू पडलं. आरसा मात्र तेच डोकं दाखवतो. म्हणून दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच कोनातून फोटो काढावा. कपाळाच्या प्रकारात भुवयांच्या मधोमध ते केसांची रेषा हे अंतर मोजून लिहून ठेवावं. खाज नसताना आजार आत चालू असल्याचंही दिसतं, तेव्हा नुसत्या जाणिवेवर विसंबू नये.

याच निराशेत माणूस जाहिरातींच्या हाती लागतो. केशरोपणाबद्दल माझं मत ठाम आहे. आजार किमान एक-दोन वर्षं पूर्ण शांत असल्याशिवाय ते करू नये. दाह चालू असताना लावलेली मुळंही तोच दाह खातो, आणि शस्त्रक्रियेच्या इजेनेच आजार चेतल्याची उदाहरणं आहेत. भिंगातून डोकं न पाहता पहिल्याच भेटीत पॅकेज सांगणाऱ्या ठिकाणाहून उठून यावं. चाई समजून लसूण किंवा गुंज घासणं आणखी वाईट. गुंज विषारी आहे, आणि दाहावर दाह चढतो. डोकं भादरलं की दाट केस येतात, हेही खरं नाही. कातडीवर वस्तरा फिरला म्हणून आतल्या मूळपेशींना काहीच होत नाही.

घरातलं राहिलं. केस गळतील या धास्तीने कित्येक जणी डोकं धुणंच सोडतात. खपली साचते, खाज वाढते. सौम्य शाम्पूने खुशाल धुवावं. ताणलेला अंबाडा नको. दाह असताना कलप नको. टक्कल उन्हात भाजतं, तेव्हा टोपी किंवा पदर घ्यावा. भांग बदलून, केसांच्या रंगाची पूड भुरभुरून, टॉपर लावून, गंगावण जोडून झाकायचं तर जरूर झाका. फक्त जिवंत केसांना ओढणाऱ्या क्लिपा नकोत. हा आजार संसर्गाचा नाही, कंगवा वेगळा ठेवायची गरज नाही, हे घरच्यांना माझ्या नावाने सांगा. आपल्याकडे बाईच्या केसांशी सौभाग्याचा संबंध लावला जाई, विधवेचं केशवपन होई. ती रीत गेली, तरी हळदीकुंकवाला ‘केस कुठे गेले गं?’ म्हणणाऱ्या आवाजात तिचा अंश उरला आहे. त्या प्रश्नाला उत्तर देण्याचं बंधन कुणावर नाही.

पहिल्या भेटीला येताना डोक्याला तेल लावू नका, पूड घालू नका, दोन-तीन आठवडे वापरलेली सगळी क्रीमं डब्यांसकट आणा. जुने फोटोही आणा, लग्नाच्या अल्बममधला, आधार कार्डावरचा, कुठलाही. कपाळ कधीपासून सरकू लागलं हे त्यावरून ठरवता येतं. पुढच्या आठवड्यात बाळंतपणानंतरची केसगळती.