नियम यंत्राला शिकविताना

देवळाली प्रवरास जवळचा लोहमार्ग म्हणजे राहुरीवरून जाणारा दौंड-मनमाड मार्ग. १८७८ मध्ये सुरू झालेला हा मार्ग सरकारने स्वतः बांधविला. त्यापूर्वीची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मात्र विलायतेतील भागधारकांच्या भांडवलावर उभी राहिली होती. तिच्याशी १८४९ मध्ये झालेल्या करारात भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती. खर्च कितीही वाढला तरी भागधारकांचे व्याज सुरक्षित! त्यामुळे काटकसरीची निकड उरली नाही आणि तुटीचा भार हिंदुस्थानच्या महसुलावर पडला. नियमात एक मर्यादा लिहावयाची राहून गेली, तर तिची किंमत अशी मोजावी लागते.

रेल्वे कंपन्यांचा हाच व्यवहार पटावर मांडणारे खेळ आहेत. इंग्लंडमधील फ्रान्सिस ट्रेशम यांनी १९७४ मध्ये ‘१८२९’ हा खेळ प्रसिद्ध केला. पुढे १९८६ मध्ये त्यांचा ‘१८३०’ अमेरिकेत निघाला. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी ज्या वर्षी धावली, त्या वर्षाचे नाव घेतलेला ‘१८५३’ हा त्यांचा खेळ तर भारताच्याच नकाशावर खेळला जातो. या खेळांत फासा नाही. भाग घ्यावेत, कंपनी चालवावी, रूळ टाकावेत, लाभांश वाटावा. शेवटी ज्याची संपत्ती अधिक तो जिंकला.

‘१८३०’ची संगणकीय आवृत्ती १९९५ मध्ये आली. असा खेळ संगणकावर आणताना खरी कसोटी लागते ती निर्बंधांची. एका खेळाडूने एका कंपनीचे ६० टक्क्यांहून अधिक भाग बाळगू नयेत, हा नियम पुस्तिकेत एका ओळीत मावतो. परंतु भाव घसरून पटावरील ठरावीक रंगाच्या घरांत गेला की हीच मर्यादा उठते. मग कोणी ७० टक्के भाग घेतले आणि भाव पुन्हा चढला, तर पुढे काय? पटाभोवती बसलेली माणसे पुस्तिका उघडून, थोडा वाद घालून मार्ग काढतात. यंत्राला वाद घालता येत नाही. त्याला उत्तर आधीच लिहून द्यावे लागते.

विक्रीचेही तसेच. अध्यक्षाकडील २० टक्क्यांचा दाखला दुसऱ्या कोणाकडे निदान तेवढेच भाग असल्याखेरीज सोडता येत नाही. बाजारात आधीच ५० टक्के भाग पडून असतील, तर आणखी विकता येत नाहीत. एकदा विकलेल्या कंपनीचे भाग त्याच फेरीत पुन्हा घेता येत नाहीत. म्हणजे एका विक्रीसाठी आज्ञावलीला विकणाऱ्याची खतावणी, इतरांची खतावणी, बाजारातील शिल्लक आणि या फेरीतील मागील व्यवहार असे सर्व तपासावे लागते. शिवाय नुसते ‘नाही’ म्हणून भागत नाही. कोणत्या नियमाने नाही, हेही सांगावे लागते. अन्यथा नवखा खेळाडू यंत्रच बिघडले असे समजतो. धनादेश परत करताना कारण लिहून द्यावे लागते, तसेच हे.

इतके करूनही एक गोष्ट आज्ञावलीच्या हाती राहत नाही. दोन कंपन्यांचा अध्यक्ष असलेला खेळाडू एकीचे इंजिन दुसरीला हव्या त्या किमतीस विकू शकतो. एका कंपनीची तिजोरी अशी रिकामी करून, आपले भाग विकून, तो ती पोकळ कंपनी दुसऱ्या भागधारकाच्या गळ्यात बांधतो. इंजिन नसलेल्या कंपनीसाठी इंजिन घेण्याची वेळ आली आणि तिजोरीत पैसे नसले, तर उरलेली रक्कम नव्या अध्यक्षाला स्वतःच्या खिशातून भरावी लागते. हे सारे नियमात बसते, म्हणून यंत्र ते निमूटपणे होऊ देते.

पटावर या चालीला कौशल्य म्हणतात, आणि खेळ संपला की सर्व जण पुन्हा समान होतात. पेढीच्या व्यवहारात मात्र गळ्यात बांधलेली कंपनी कोणाची तरी आयुष्यभराची पुंजी असते. घरातील मुले हे खेळ संगणकावर खेळत असतील, तर वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून एवढे अवश्य विचारावे : यंत्राने ही चाल अडविली नाही, तू दुकानात ती खेळशील का?