पुण्याचा पत्ता असलेला मासा

‘टॉर खुद्री’ या माशाचा शास्त्रातला पत्ता पुण्याचा आहे. मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करत हिंडणाऱ्या कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तो मिळाल्याचं ठिकाण नोंदवलं: पुण्याच्या पूर्वेकडची मुळा-मुठा. साइक्सना लॅटिन नावं घडवायचा फारसा सोस नव्हता. खुद्री, कोळस, मुसळा, बोगट ही इथलीच नावं त्यांनी सरळ उचलली. आपण या खुद्रीला खडशी किंवा महासीर म्हणतो.

निळसर पर आणि मोठाले खवले असलेल्या या माशाला थंड, वाहतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं. उन्हाळा काढायला खोल डोह हवा. पावसाळ्यात पाणी चढलं की तो अंडी घालायला वरच्या अंगाला निघतो. अंडी तळाशी जाऊन गोट्यांच्या फटींत बसतात; वरून गाळ बसला की ती गुदमरतात. शिवाय रोहूच्या मानानं अंडी बरीच कमी, त्यामुळे एकदा संख्या घटली की भरून यायला फार वेळ जातो.

पुण्यात त्याची वाट दोन्हीकडून अडली. वर धरणं आली. खडकवासल्याचं तर मूळ १८७९ चं. खाली शहराचं सांडपाणी आलं. तिलापिया, आफ्रिकन मांगूर अशा पाण्यातही निभावून नेतात. खडशीला ते जमत नाही.

लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची कृत्रिम पैदास होते. प्रयोग उत्तम साधला. माझ्या मते जरा जास्तच, कारण हे बीज देशभर गेलं. कावेरीत सोडलेल्या खडशीनं तिथल्या पाठीवर उंचवटा असलेल्या महासीरला मागे रेटलं, आणि तो ‘टॉर रेमादेवी’ २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला. म्हणजे आपला मासा परक्या नदीत डोईजड झाला आणि घरच्या नदीत त्याला जागा नाही.

महाडजवळच्या वाळणकोंडीत मात्र तो देवीचा मासा म्हणून निर्धास्त फिरतो. तिथे त्याला कुणी पकडत नाही हे खरंच, पण डोहही शाबूत आहे. तेव्हा वळवणची पिल्लं आणून पुण्यात बंडगार्डनला नदीत सोडायची टूम कुणी काढलीच, तर आधी मे महिन्यात तिथल्या पाण्यातला प्राणवायू मोजून घ्यावा.