करवतीचे दात आणि आपला काळा दगड

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये आमचं चिखलोली. धरणाकाठच्या कातळावर बसलो होतो, तर शेजारच्या पोरानं विचारलं, "काका, ह्या दगडात मासा सापडंल का?" म्हटलं, अरे, हा लाव्हा, ह्यात मासा कुठला टिकायला! पण पोराचा प्रश्न वाटतो तितका वेडा नव्हता.

माझं जुनं वेड म्हणजे करवतीच्या तोंडाचे पाकट. डायनोसॉरच्या काळातले हे स्क्लेरोऱ्हिंकस आणि त्याचे भाऊबंद. पहिल्या स्क्लेरोऱ्हिंकसला जीवाश्मतज्ज्ञ वुडवर्डनं १८८९ मध्ये नाव दिलं, लेबनॉनच्या चुनखडीतल्या ठशांवरून. दिसायला हुबेहूब आजचा करवतमासा, पण नातं सख्खं नाही. लांब सोंड आणि तिच्या दोन्ही कडांना दात, ही युक्ती निसर्गानं पुन्हा पुन्हा वापरली. करवत मुशी नावाच्या माशांनी तर ती मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, कुळात राहून साधली!

खरी गंमत दातांत आहे. करवतमाशाचे दात सोंडेतल्या खोबणीत रोवलेले असतात आणि तळातून वाढत राहतात, पण मुळासकट गेला की तो दात कायमचा गेला. स्क्लेरोऱ्हिंकसची तऱ्हा वेगळी. त्याचे दात झडत, आणि नवा दात आधी आडवा निजलेला असे, मग उठून उभा राही. वर एनॅमलसारखं चकाकतं टोपण. त्याच्या भाऊबंदांतल्या ऑन्कोप्रिस्टिसच्या दाताला तर मागे गळासारखा आकडा. मोरोक्कोत सापडलेल्या स्पायनोसॉरस या डायनोसॉरच्या जबड्यात दाताशेजारी अडकलेला याच ऑन्कोप्रिस्टिसचा मणका मिळाला, हे २००५ मध्ये छापून आलं. दातात मासा अडकण्याचा त्रास इतका जुना! या मंडळींचं बाकीचं शरीर कूर्चेचं, ते सहसा कुजून जातं. म्हणून जगभर मिळतात ते बहुधा सुटे दातच. क्रिटेशस कालखंडाच्या शेवटी, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, हे कूळ संपलं.

आणि नेमका तेव्हाचाच आमचा कातळ. आता हे सहज म्हणतो, पण १९८० च्या आसपास वयाचा घोळ होता. कोणी आठ कोटी वर्षं म्हणे, कोणी तीन. तेव्हा एका पाकटाचे दात कामी आले. चंद्रपूरच्या पलीकडे, तेलंगणातल्या आसिफाबादला, दोन लाव्हाथरांमधल्या गाळात इग्डाबॅटिसचे दात मिळाले. हा करवतवाला नव्हे, शिंपले फोडणारा चपट्या दातांचा. त्याचा एक भाऊ आधीच आफ्रिकेतल्या नायजरमधून माहीत होता, तोही क्रिटेशसच्या अखेरचा. मग आपला लाव्हाही त्याच काळचा. भारतातल्या जातीला प्रसाद आणि कापेटा यांनी १९९३ मध्ये इग्डाबॅटिस इंडिकस असं नाव दिलं. सह्याद्रीचं वय ठरवण्यात या इवल्याशा दातांचा वाटा आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

गाळाचे असे थर मुंबईतही आहेत. वरळीच्या टेकडीत बेडूक सापडले, रिचर्ड ओवेननं त्यांचं वर्णन १८४७ मध्ये केलं. चिखलोलीत मात्र मला अजून बेडूकही मिळालेला नाही, पोराला तेच सांगितलं.

आता पुन्हा आजच्या करवतमाशाकडे. त्याच्या जगात पाचच जाती उरल्या आहेत. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे. कोकणात कोणाच्या जाळ्यात तो सापडलाच, तर करवत भिंतीवर लावायला ठेवून घेऊ नका, जिवंत असेल तोवर जाळं कापून सोडून द्या.