किंमत गाडीची उतरते, पार्टची नाही

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या. सुमारे ६५ कोटींचा तो सौदा देशभर गाजला. सरासरी काढली तर एक गाडी ४३ लाखांच्या आसपास पडली. त्या गाड्यांच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०२५ मध्ये भरली. अशा वयाच्या आलिशान गाड्या, आणि त्यांच्या जोडीने दोन दारांच्या स्पोर्ट्स कार, जुन्या बाजारात नव्या साध्या मोटारीच्या भावात मिळू लागतात. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून गेल्यापासून वाशीम जिल्ह्यातल्या तरुणांनाही अशा गाडीचा मोह पडणे साहजिक आहे. प्रश्न एवढाच, की सांगितलेला भाव रास्त आहे की नाही हे ठरवायचे कसे?

बहुतेक जण मूळ किमतीपासून सुरुवात करतात. ‘साठ लाखांची गाडी वीस लाखांत मिळतेय’ हे वाक्य ऐकले की सौदा अर्धा झालाच म्हणायचा. इथेच पहिली चूक होते. स्पोर्ट्स कारची बाजारातली किंमत दरवर्षी उतरते, पण तिच्या ब्रेक डिस्कची, गिअरबॉक्सची, सस्पेन्शनची किंमत उतरत नाही, उलट चढते. फोर्ड मस्टँगचे उदाहरण घ्या. पाच लिटरचे व्ही-८ इंजिन असलेली ही गाडी २०१६ मध्ये भारतात आली तेव्हा तिची शोरूम किंमत ६५ लाख होती. दहा वर्षांनी ती निम्म्याहून कमी भावात मिळाली, तरी तिला लागणारा पार्ट ६५ लाखांच्या गाडीचाच असतो. त्यातच फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले मोटार उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. म्हणून गाडीची रास्त किंमत काढताना आधी तशीच सुस्थितीतली गाडी आज कितीला विकली जाते ते पाहावे, आणि समोरच्या गाडीला त्या स्थितीत आणायला येणारा खर्च त्यातून वजा करावा. मूळ बिल या हिशेबात कुठेही येत नाही.

मूळ बिल आणखी एका कारणाने फसवे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून ४५ ते ५० टक्क्यांचा बोजा ४० टक्क्यांवर आला. २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात ब्रिटनमधून येणाऱ्या मोटारींवरचे शंभर टक्क्यांहून अधिक असलेले आयात शुल्क ठराविक कोट्यापुरते टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायचे ठरले आहे. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप खाली येतो, मग विकणाऱ्याने पाच वर्षांपूर्वी कितीही मोजलेले असोत. विम्याच्या कागदावरचा आकडाही आधाराला घेऊ नये. विमा कंपन्यांच्या तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीला सरसकट ५० टक्के घसारा धरतात, आणि पाच वर्षांनंतर तर ती रक्कम कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. ती गाडी कशी वापरली गेली याचा त्या आकड्याला पत्ता नसतो.

कशी वापरली गेली, हे गाडी स्वतःच सांगते. बैलबाजारात जाणता शेतकरी मालकाच्या बोलण्याकडे लक्ष न देता आधी बैलाचे दात पाहतो. टायरच्या कडेला असेच एक वय कोरलेले असते. लांबलचक खुणेच्या शेवटी लंबगोलात चार आकडे दिसतात. तिथे २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी ताजी दिसली तरी इतका जुना टायर वेगाच्या गाडीला चालत नाही. पुढच्या आणि मागच्या टायरची मापे बहुधा वेगळी असल्याने चारही एकदम बदलायचा खर्च मोठा असतो. पॉर्शेच्या इंजिनाचा संगणक तर इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवले गेले, याची सहा टप्प्यांत नोंद ठेवतो. चुकीचा गिअर पडून इंजिन किंचाळले असेल, तर धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या गाडीतही ते लपत नाही. आणखी एक खूण पाहावी. विकण्याआधी कुणी स्कॅनर लावून दोषांचे कोड पुसले असतील, तर डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, पण संगणकाच्या अंतर्गत चाचण्या अपुऱ्या दिसतात. त्या पुऱ्या व्हायला गाडी बरीच चालवावी लागते. या दोन्ही तपासण्या योग्य स्कॅनर असलेला मेकॅनिक थोड्या वेळात करू शकतो. त्याची फी संपूर्ण व्यवहाराच्या मानाने अगदीच किरकोळ असते.

यावर कुणी म्हणेल, गाडी दहा वर्षांत जेमतेम पंधरा हजार किलोमीटर चालली आहे, मग तिला काय झाले असणार? उभ्या गाडीचे रबरी सील कडक होतात, पेट्रोल शिळे होते, ब्रेकचे तेल ओलावा ओढून घेते. कमी किलोमीटरला जास्त भाव जरूर द्यावा, पण दरवर्षीच्या सर्व्हिसची बिले असतील तरच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही स्पोर्ट्स कारचा भाव वर्षांबरोबर चढतो हे खरेच आहे. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात १९६२ ची एक फेरारी २५० जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. पण जगभरात अशा गाड्या फक्त तीन डझनांच्या घरात बनल्या. हजारांनी बनलेल्या गाडीला ‘पुढे भाव येईल’ म्हणून आज चढा भाव देणे हा निव्वळ सट्टा आहे.

तिसरा मुद्दा दिल्लीचा. २०१५ चा हरित लवादाचा आदेश आणि २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यांमुळे तिथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर गदा आली, आणि तिथल्या गाड्या स्वस्तात बाहेर निघू लागल्या. स्वस्त दिसणारी ही गाडी वाशीमच्या एमएच-३७ क्रमांकावर आणायची तर तिथले ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो. पेट्रोल गाडीला तो किमतीनुसार ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५ टक्के, आणि परदेशात तयार झालेल्या किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला २० टक्के असतो. गाडीच्या वयानुसार त्यात वजावट मिळते, तरी रक्कम लहान नसते. पंधरा वर्षे ओलांडलेली गाडी असेल तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कर वेगळाच. फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीला ५,००० आणि आयात मोटारीला ४०,००० रुपये झाली.

वाशीमच्या ग्राहकाने या सगळ्यात आणखी एक वजाबाकी करायला हवी, आणि ती त्याला कुणी करून देणार नाही. अशा गाडीची जाणकार दुरुस्ती नागपूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे दोन्ही बाजूंना दोनशेहून अधिक किलोमीटरवर. बिघाड झाला की टोइंगचा ट्रक, मग पार्टची वाट आणि पुन्हा एक फेरी. शिवाय समृद्धीवर मोटारीला वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, ती पाळायला एखादी साधी सेडानही पुरते. आणि महामार्ग सोडून गावाकडे वळले की जमिनीला टेकलेली ही गाडी पहिल्याच गतिरोधकावर तळ घासते. म्हणून जो भाव पुण्या-मुंबईत रास्त, तो इथे रास्त असेलच असे नाही. इथे तो कमीच असला पाहिजे, आणि घासाघीस करताना हे कारण मोकळेपणाने सांगावे.

अशी गाडी मनापासून आवडत असेल तर जरूर घ्या, आवडीला दोष देण्याचे कारण नाही. मात्र टोकन देण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून पुढच्या दोन वर्षांत लागणाऱ्या कामांचा अंदाज वर्कशॉपकडून लेखी घ्या, बँकेचा बोजा आणि थकलेली ई-चलाने परिवहनच्या पोर्टलवर तपासा, आणि ती सगळी रक्कम सुस्थितीतल्या गाडीच्या आजच्या भावातून वजा करा. विकणारा लेखी तपासणीलाच तयार नसेल, तर त्या गाडीला रास्त भाव नाही.