ब्लिओमायसीन हायड्रोलेज : नाव आणि कार्य

एंझाइमांचे नामकरण बहुधा ज्या पदार्थावर त्यांची क्रिया प्रथम दृष्टोत्पत्तीस येते त्या पदार्थावरून केले जाते. यूरियाचे विघटन करणारे ते यूरिएज, दुग्धशर्करेचे विघटन करणारे ते लॅक्टेज. ही रीत सोयीची खरी; परंतु जी क्रिया प्रथम दिसली तीच त्या एंझाइमाची मुख्य क्रिया असेल, असा नियम नाही. मानवी पेशींतील ब्लिओमायसीन हायड्रोलेज हे याचे ठळक उदाहरण होय. ज्या औषधावरून त्यास नाव मिळाले त्या औषधाचे वर्णन प्रथम १९६६ साली प्रसिद्ध झाले. उलट, हे एंझाइम यीस्टसारख्या एकपेशीय सजीवातही जवळजवळ त्याच रूपात आढळते. म्हणजे यीस्ट व प्राणी यांचे पूर्वज परस्परांपासून विभक्त होण्यापूर्वीपासून ते अस्तित्वात असले पाहिजे. इतक्या प्राचीन प्रथिनाची उत्पत्ती विसाव्या शतकातील एका औषधाचा नाश करण्यासाठी झाली नाही, हे उघड आहे. मग ते पेशीत कशासाठी आहे, आणि त्या औषधाच्या गुणदोषांचा उलगडा त्यावरून कितपत होतो, हे दोन्ही प्रश्न एकत्रच पाहावे लागतात.

ब्लिओमायसीन हा स्ट्रेप्टोमायसीज व्हर्टिसिलस या सूक्ष्मजीवापासून मिळणारा प्रतिजैव पदार्थ आहे. कानामायसीनचे संशोधक म्हणून ख्यात असलेले जपानी शास्त्रज्ञ हमाओ उमेझावा व त्यांचे सहकारी यांनी तो वेगळा केला. त्याचा रेणू लोहाच्या अणूस आपल्या नायट्रोजन अणूंनी चहूकडून पकडतो. लोहाबरोबर ऑक्सिजनही बद्ध झाला म्हणजे जे क्रियाशील संयुग बनते, ते डीएनएच्या साखळ्या तोडते. एकच साखळी तुटली तर पेशी ती सहज सांधते. दोन्ही साखळ्या एकाच ठिकाणी तुटल्या तर मात्र पेशीचा बहुधा निभाव लागत नाही. या गुणामुळे हे औषध त्वचेच्या व तत्सम शल्कपेशींच्या कर्करोगांवर, हॉजकिनच्या रोगावर आणि वृषणाच्या कर्करोगावर वापरात आले. १९७० नंतरच्या दशकात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी इंडियाना येथे सिसप्लॅटिन, व्हिनब्लास्टीन व ब्लिओमायसीन यांचा एकत्रित उपयोग केला. त्यानंतर शरीरभर पसरलेला वृषणाचा कर्करोगही बहुसंख्य रुग्णांत पूर्ण बरा होऊ लागला. कर्करोगावरील बहुतेक औषधे अस्थिमज्जेवर आघात करतात. ब्लिओमायसीन तो फारसा करीत नाही, म्हणून इतर औषधांच्या जोडीला ते विशेष सोयीचे ठरते. त्याचा आघात होतो तो फुप्फुसांवर व त्वचेवर. त्वचेवर चाबकाचे वळ उठावेत तसे काळसर पट्टे उमटतात. ते दिसण्यास विचित्र असले तरी घातक नसतात. फुप्फुसांत मात्र तंतुमय ऊतक वाढून श्वसन खुंटते आणि काही रुग्ण त्यातच दगावतात. बऱ्या होऊ शकणाऱ्या रोगाच्या उपचारात, बहुधा तरुण असलेल्या रुग्णाचा असा मृत्यू व्हावा, ही गोष्ट वैद्यांना नेहमीच जाचत आली आहे.

औषधाची ही निवड कशामुळे, याचे उत्तर उमेझावा यांच्याच गटाने १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुचविले. प्राण्यांच्या ऊतकांच्या अर्कात ब्लिओमायसीन निष्क्रिय करणारे एक एंझाइम त्यांना आढळले. या एंझाइमाचा घाव औषधाच्या रेणूवर एकाच लहानशा जागी पडतो : रेणूच्या एका टोकाशी असलेल्या बीटा-ॲमिनोॲलानीन या घटकाच्या अमाइड गटाचे जलीय विच्छेदन होऊन तेथे कार्बॉक्सिल गट तयार होतो. बाकीचा रेणू तसाच राहतो. परंतु त्या अमाइडाच्या शेजारचा ॲमिनो गट हा लोहास पकडणाऱ्या गटांपैकी एक आहे. शेजारी कार्बॉक्सिल गट आल्यामुळे तो पूर्वीपेक्षा अधिक अल्कधर्मी होतो, पेशीतील परिस्थितीत प्रोटॉन घट्ट धरून ठेवतो आणि लोहाशी बंध जोडण्यास मोकळा राहत नाही. लोहाची बैठक अशी बिघडल्यावर डीएनए तोडण्याची शक्ती बहुतांशी जाते.

या एंझाइमाची क्रियाशीलता यकृत, प्लीहा इत्यादी इंद्रियांत पुष्कळ, तर फुप्फुसात व त्वचेत अल्प, असे दिसून आले. जेथे एंझाइम कमी तेथे औषध टिकते, आणि जेथे औषध टिकते तेथे हानी होते, असा सुटसुटीत सिद्धांत यातून सहजच उभा राहिला. पाठ्यपुस्तकांत तो आजही आढळतो. तो चुकीचा नाही. पण जितका सुटसुटीत दिसतो तितका पुरेसाही नाही.

एंझाइमाच्या घडणीकडे पाहिले म्हणजे त्याच्या स्वाभाविक कार्याचा प्रथम अंदाज येतो. मानवी एंझाइमाच्या प्रत्येक उपघटकात ४५५ ॲमिनो अम्ले असतात आणि असे सहा समान उपघटक कड्यासारखे जुळून एक पोकळ पिंप तयार होते. प्रत्येक उपघटकाची मूळ घडी पपेनची आहे. कच्च्या पपईचे काप घालून मांस शिजविले असता ते लवकर मऊ होते, ते ज्या एंझाइमामुळे, तेच हे पपेन. दोहोंतही प्रथिनांचा बंध तोडण्याचे काम सिस्टीन, हिस्टिडीन व ॲस्परजीन या तीन ॲमिनो अम्लांच्या साहाय्याने होते. मानवी ब्लिओमायसीन हायड्रोलेजात ती अनुक्रमे ७३, ३७२ व ३९६ या स्थानी आहेत. फरक असा की, पपेनचे क्रियास्थान उघड्यावर असते, तर येथे सहाही क्रियास्थाने पिंपाच्या आत, मध्यवर्ती पोकळीकडे तोंड करून बसलेली असतात. घडी जुळलेली अखंड प्रथिने तेथवर पोचू शकत नाहीत. आत शिरतात ते लहान पेप्टाइड. शिवाय प्रत्येक उपघटकाचे शेपटाकडील टोक स्वतःच्याच क्रियास्थानाच्या फटीत शिरून बसलेले असते. त्यामुळे पेप्टाइडास आपले ॲमिनो टोकच तेवढे आत घालता येते आणि एंझाइम त्या टोकाकडून एकेक ॲमिनो अम्ल कापीत जाते. ब्लिओमायसीनमधील तो अमाइड गटही एका मोकळ्या ॲमिनो गटाच्या लगतच असल्यामुळे हे औषध जणू चुकून या फटीत बसते.

यीस्टमधील एंझाइमाची स्फटिकरचना लीमोर जोशुआ-टोर व सहकाऱ्यांनी १९९५ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केली. मानवी एंझाइमाची रचना १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. या दोहोंच्या तुलनेत एक बोधप्रद भेद आढळला. यीस्टच्या एंझाइमातील पोकळी धन विद्युत्‌भारांनी भरलेली असून ते डीएनएशी बद्ध होते. मानवी एंझाइमाच्या पोकळीत हा धनभार नाही व डीएनएशी बद्ध होण्याचा गुणही नाही. ब्लिओमायसीनचे लक्ष्य डीएनए असल्यामुळे या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचा मोह झाला असता. मानवी रचनेने त्यास वेळीच आळा घातला.

कार्याचा खरा पुरावा १९९९ सालीच उंदरांवरील प्रयोगांतून मिळाला. या एंझाइमाचा जनुक काढून टाकलेल्या उंदरांपैकी काही जन्मानंतर लवकरच मरण पावले, आणि जे जगले त्यांच्या शेपटीच्या त्वचेला दाह होऊन ती खराब झाली. ब्लिओमायसीन दिले असता हे उंदीर अधिक संवेदनक्षम ठरले, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते त्वचेचे दुखणे, कारण त्यात औषधाचा काहीच संबंध नव्हता. त्याचा उलगडा पुढे २००९ मध्ये जपानी संशोधकांच्या कार्यातून झाला. त्वचेच्या वरच्या थरात फिलॅग्रिन नावाचे प्रथिन तुटून त्यापासून मोकळी ॲमिनो अम्ले बनतात व तीच त्वचेतील ओलावा धरून ठेवतात. या विघटनाच्या अखेरच्या टप्प्यात ब्लिओमायसीन हायड्रोलेजाचा भाग असतो.

येथे एक विसंगती जाणवेल. त्वचेत एंझाइम अल्प आहे म्हणून औषध तेथे बाधते, असे एकीकडे म्हणायचे. आणि त्वचेचे आरोग्य त्याच एंझाइमावर अवलंबून आहे, असे दुसरीकडे. ही विसंगती बरीचशी मोजमापाच्या पद्धतीतून आलेली असावी. संपूर्ण ऊतकाचा लगदा करून त्याची क्रियाशीलता मोजली तर हाती येते ती सरासरी; बाह्यत्वचेच्या एका पातळ थरात एंझाइम भरपूर असले तरी ते खालच्या जाड थरांच्या हिशेबात बुडून जाते. फुप्फुसासारख्या नानाविध पेशींच्या इंद्रियाबाबतही ही सावधगिरी बाळगणे इष्ट ठरेल.

एंझाइमाची आणखी एक क्रिया महत्त्वाची आहे. पेशीतील प्रथिन-संश्लेषणाच्या वेळी मेथिओनीनऐवजी चुकून होमोसिस्टीन निवडले गेले, तर त्यापासून होमोसिस्टीन थायोलॅक्टोन बनते. ते प्रथिनांतील लायसीनला चिकटून त्यांची हानी करते. मानवी ब्लिओमायसीन हायड्रोलेज या थायोलॅक्टोनाचे विघटन करते, असे २००६ मध्ये दाखविण्यात आले. औषधाचा नाश करणारे म्हणून ओळखले गेलेले हे एंझाइम पेशीच्या स्वतःच्याच एका चुकीचे परिमार्जन करीत असते, असे म्हणता येईल.

आता पुन्हा रुग्णाकडे वळू. मानवी जनुकातील एका बदलामुळे ४४३ व्या स्थानी आयसोल्यूसीनऐवजी व्हॅलीन येते, आणि हे स्थान क्रियास्थानात शिरणाऱ्या त्या शेपटाच्या टोकापासून फार दूर नाही. या भेदावरून फुप्फुसाची हानी आधीच ओळखता येईल, अशी आशा वाटत होती. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे वृषणाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास झाला तेव्हा २००५ मध्ये फुप्फुसाच्या बदलांशी त्याचा संबंध आढळला नाही. २००८ मध्ये मात्र ज्यांच्याकडे बदललेल्या जनुकाच्या दोन प्रती होत्या त्यांचे जीवनमान कमी असल्याचे दिसले. म्हणजे एंझाइमाचा परिणाम दिसला तो उपचाराच्या यशावर, अपेक्षित असलेल्या फुप्फुसांवर नव्हे. याउलट, लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातील ८३५ रुग्णांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५७ जणांना फुप्फुसाची बाधा झाली व ८ दगावले. तेथे धोका वाढविणाऱ्या गोष्टी ठरल्या त्या मूत्रपिंडाची मंदावलेली क्रिया, चाळिशीपुढील वय, रोगाची पुढची अवस्था आणि ३०० एककांहून अधिक एकूण मात्रा. औषधाचा मोठा भाग मूत्रावाटे बाहेर जात असल्यामुळे मूत्रपिंडाचे महत्त्व सहज समजते. म्हणून वैद्य आजही एंझाइमाची चाचणी न करता मूत्रपिंडाची क्रिया तपासतात व एकूण मात्रेवर मर्यादा ठेवतात. हॉजकिनच्या रोगात तर उपचाराच्या दोन फेऱ्यांनंतर चित्रण समाधानकारक आल्यास पुढील फेऱ्यांतून ब्लिओमायसीन वगळता येते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले : तीन वर्षांनंतर रोग न वाढलेल्या रुग्णांचे प्रमाण औषध चालू ठेवलेल्या गटात ८५·७ टक्के, तर वगळलेल्या गटात ८४·४ टक्के होते, आणि फुप्फुसांच्या तक्रारी दुसऱ्या गटात कमी होत्या.