तीन मुठींचा डबा

मनालीहून लेहला बाइकवर निघालेल्या कुणाचंही रील बघा, दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे तांडीच्या पेट्रोल पंपावरची ती प्रसिद्ध पाटी, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचं सांगणारी. आणि दुसरी म्हणजे बुलेटच्या बाजूला कसून बांधलेला चपटा लोखंडी डबा, जेरीकॅन. हल्ली आपण फिनेलवाल्याकडच्या प्लास्टिकच्या कॅनलाही जेरीकॅन म्हणतो, पण हा मान खरा त्या लोखंडी डब्याचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिक जर्मनांना ‘जेरी’ म्हणायचे. जेरीचा कॅन तो जेरीकॅन. (ब्रिटिश सैनिकाचं टोपणनाव होतं टॉमी. या गोष्टीत जेरीच टॉमीला पुरून उरला, एवढं आत्ता सांगून ठेवते.)

तुम्ही म्हणाल, डब्यात काय एवढं? तर आधी सैन्याची अडचण समजून घ्या. पेट्रोल बंदरापर्यंत जहाजातून येतं, तिथून पुढे पाइपलाइन किंवा टँकरने. पण आघाडीवर, जिथे धड रस्ताच नाही आणि वरून विमानं गोळ्या झाडताहेत, तिथे टँकर नेऊन उभा करणं म्हणजे शत्रूला आमंत्रण. शेवटचे काही मैल पेट्रोल माणसाच्या हातानेच जातं. म्हणून प्रत्येक जीपच्या पाठीमागे, प्रत्येक ट्रकच्या कडेला डबे. तो डबा गळका निघाला तर गाडी थांबते, आणि वाळवंटात गाडी थांबली की आतल्या माणसांचं काय होतं हे वेगळं सांगायला नको.

ब्रिटिशांकडे उत्तर आफ्रिकेत काय होतं? चार गॅलनचा, म्हणजे साधारण १८ लिटरचा, पातळ पत्र्याचा चौकोनी डबा. आजीला विचारा, रॉकेलचा डबा तिला बरोबर आठवेल. त्याचाच भाऊ. सैनिक त्याला ‘फ्लिम्झी’ म्हणायचे, म्हणजे लेचापेचा. करायला स्वस्त आणि वापरून फेकायला सोपा. पण वाळवंटातल्या खाचखळग्यांतून ट्रक हादरत निघाला की सांधे उसवायचे. तळापासून गाडीच्या टाकीपर्यंत पोहोचता पोहोचता ३० टक्के पेट्रोल वाटेतच जातं, असा अंदाज खुद्द तिथले सरसेनापती जनरल ऑकिन्लेक यांनी दिला होता. हिशेब करा. दहा ट्रक निघाले तर तीन ट्रकांमधलं पेट्रोल वाळूत. ती तूट भरायला आणखी ट्रक, त्या ट्रकांना पुन्हा पेट्रोल, आणि ठिणगी पडली तर चालकासकट सगळं खाक.

ही फक्त गोऱ्यांची डोकेदुखी नव्हती. याच आघाडीवर चौथी भारतीय डिव्हिजन लढत होती. जून १९४२ मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा तिथे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटणही होती. म्हणजे आपल्या सातारा-कोल्हापूरकडची पोरंही याच पुरवठ्यावर विसंबून होती.

फ्लिम्झीचा सगळ्यात चांगला उपयोग चहासाठी झाला. डबा अर्धा कापायचा, वाळू भरायची, वर पेट्रोल ओतायचं आणि पेटवायचं. त्याला ‘बेनगाझी बर्नर’ म्हणायचे. ज्या डब्यात पेट्रोल टिकत नव्हतं त्याची अशी चूल झाली.

आता जर्मन डबा बघा. १९३७ च्या सुमारास श्वेल्म गावातल्या म्युलर कंपनीतल्या विन्झेंझ ग्रुनफोगेल या इंजिनीअरने तो बनवला. वीस लिटरचा. मेकॅनिकल किंवा प्रॉडक्ट डिझाइन करणाऱ्यांनी तर तो एकदा हातात घेऊन बघाच. वर तीन मुठी आहेत, एक नाही. का? भरलेला डबा साधारण २० किलोचा. मधली मूठ धरून एक माणूस दोन्ही हातांत दोन डबे नेतो. दोघांना मिळून एक न्यायचा असेल तर कडेच्या मुठी. रिकामे असतील तर शेजारच्या दोन डब्यांच्या कडेच्या मुठी एका हातात मावतात, म्हणजे दोन हातांत चार डबे. आणि रांग लावून हातोहात पुढे सरकवताना एकाने एक कड सोडायच्या आत दुसऱ्याने दुसरी धरलेली असते. तीन दांड्यांमध्ये एवढं सगळं!

दुसरी गंमत ओतण्याची. गोडेतेलाचा डबा फोडताना आई दोन भोकं पाडते ना? एकातून तेल बाहेर आणि दुसऱ्यातून हवा आत. एकच भोक असेल तर तेल भक्‌भक् करत उडत पडतं. ग्रुनफोगेलने ते दुसरं भोक डब्यातच बसवलं: तोंडापासून आत जाणारी एक बारीक हवेची नळी. डबा तिरका केला की पेट्रोल सरळ धारेत पडतं, नरसाळं लागत नाही. झाकणाला आटे नाहीत, खटका आहे. तो दाबला की बंद, उचलला की उघडं. पान्हा शोधत बसायचं काम नाही. मुठींखाली हवेचा कप्पा राहतो, त्यामुळे पेट्रोलने भरलेला डबा पाण्यात पडला तरी तरंगतो. अंगावरची ती फुलीसारखी खोलगट नक्षी शोभेची नाही. तिने पत्रा ताठ राहतो आणि उन्हात पेट्रोल फुगलं तर पत्र्याला हलायला जागा मिळते. दोन अर्धी कवचं दाबून काढलेली आणि मधोमध वेल्डिंग. गळायला सांधाच एक.

मग दोस्त राष्ट्रांनी ही युक्ती लगेच का उचलली नाही? इथे गोष्ट थेट आपल्या देशात येते. १९३९ मध्ये पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन इंजिनीअर एका जर्मन सहकाऱ्यासोबत बर्लिनहून मोटारीने भारताकडे निघाला. वाटेत पिण्याचं पाणी ठेवायला काही नव्हतं, म्हणून त्या जर्मन मित्राने टेंपलहोफ विमानतळावरच्या साठ्यातले तीन डबे आणले. मित्राला अर्ध्या वाटेतून जर्मनीने परत बोलावलं, पण जाण्याआधी त्याने डब्याची सगळी मोजमापं प्लाइसला देऊन टाकली. प्लाइस एकटा कलकत्त्याला पोहोचला, गाडी तिथे ठेवली आणि मायदेशी गेला. तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांना त्याने सगळं सांगितलं. नमुना दाखवल्याशिवाय ऐकणार नाही, म्हणाले. मग कलकत्त्यातली गाडी जहाजाने मागवली. १९४० च्या उन्हाळ्यात ती डब्यांसकट न्यूयॉर्कला पोहोचली आणि एक डबा वॉशिंग्टनला रवाना झाला. उत्तर काय? आपले पहिल्या महायुद्धातले डबे पुरेसे आहेत. म्हणजे आट्याच्या झाकणाचे, पान्हा आणि नरसाळं मागणारे.

पुढे अमेरिकेने नक्कल केली तीही अर्धवट. आकार आणि मुठी घेतल्या, पण वेल्डिंगऐवजी पत्रा दुमडून सांधा केला आणि खटक्याऐवजी पुन्हा आटे. डब्याचा डबा करण्यासारखं जे होतं, तेच नेमकं गाळलं. ब्रिटिशांनी मात्र वाळवंटात पळवलेले जर्मन डबे स्वतः वापरून बघितले होते, त्यामुळे त्यांनी हुबेहूब नक्कल केली. १९४३ च्या सुरुवातीला असे सुमारे वीस लाख डबे उत्तर आफ्रिकेत पोहोचले.

१९४४ मध्ये फ्रान्समध्ये उतरल्यावर तर सगळी भिस्त याच डब्यांवर होती. २५ ऑगस्टपासून ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ नावाने ट्रकांचा अखंड ताफा रात्रंदिवस धावू लागला. त्याचे बहुतेक चालक कृष्णवर्णीय अमेरिकन होते, ज्यांना त्याच सैन्यात गोऱ्यांपासून वेगळ्या तुकड्यांत ठेवलं जायचं. पुढे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी फ्रान्समधल्या वेगवान मुसंडीचं श्रेय या डब्यांना दिलं. पण पेट्रोल असूनही भागेना, कारण डबेच परत येईनात. सैनिक टाकी भरायचे आणि रिकामा डबा रस्त्याकडेला भिरकावून पुढे जायचे. कुणी चिखलात पाय बुडू नये म्हणून तंबूपुढे त्यांची फरशी केली. ऑगस्टच्या अखेरीस पॅटनचे रणगाडे मेझ नदीजवळ पेट्रोलवाचून उभे राहिले. टंचाईची कारणं बरीच होती, हरवलेले डबे हे त्यातलं एक.

शेवटी सैन्याने फ्रेंच नागरिकांनाच साकडं घातलं. शाळेतल्या पोरांना सांगितलं, शेतातले, ओढ्यातले, परसातले डबे शोधून आणा. आणणाऱ्याला बक्षीस आणि प्रमाणपत्र.